धूर शुद्ध करणाऱ्या यंत्रणेलाच गंजाचा धोका

लखनौ : दगडी कोळशाच्या धुरातील राख व गंधकाचे वायू अडविणारी यंत्रणा त्याच धुरामुळे गंजू शकते. लखनौ शहराचा समावेश २०१९ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रमात आहे. येथून सुमारे ११० किलोमीटरवर, रायबरेली जिल्ह्यात, एनटीपीसीचे १,५५० मेगावॉट क्षमतेचे उंचाहार औष्णिक वीज केंद्र आहे. अशा केंद्रांत प्रदूषण नियंत्रण यंत्रणा बसविण्याइतकेच ती सुस्थितीत राखणेही महत्त्वाचे असते.

कोळशातील गंधक जळून सल्फर डायऑक्साइड व अल्प प्रमाणात सल्फर ट्रायऑक्साइड तयार होतो. धूर पुरेसा तप्त असेपर्यंत या वायूंपासून पोलादाला विशेष धोका नसतो. तापमान एका मर्यादेखाली, साधारणतः १२० ते १५० अंश सेल्सिअसखाली, उतरले की सल्फर ट्रायऑक्साइड व वाफेच्या संयोगातून झालेल्या सल्फ्युरिक आम्लाचे दव पत्र्यावर जमते. कोळशात गंधक कमी असल्यास ही मर्यादाही खाली येते. दारांच्या कडा, सांधे व राख साठणारे हॉपर येथे गंज लवकर धरतो. संच सुरू वा बंद करतानाही हा धोका वाढतो.

राख टिपणाऱ्या ‘ईएसपी’ यंत्रणेत हवेचा दाब बाहेरच्यापेक्षा कमी असतो. त्यामुळे छिद्र पडल्यास धूर बाहेर न येता थंड हवा आत ओढली जाते. तिने धूर आणखी थंड होऊन गंज वाढतो, पंख्यांवर भार पडतो आणि राख टिपण्याची क्षमता घटते. म्हणूनच उष्णतारोधक आवरण अखंड ठेवणे, दारे हवाबंद राखणे, हॉपर तापविणे व ध्वनिलहरींद्वारे पत्र्याची जाडी नियमित मोजणे आवश्यक असते.

गंधकाचे वायू धुऊन काढणाऱ्या ओल्या संयंत्रात धूर सुमारे ५० अंशांपर्यंत थंड होतो. तेथे आम्लता व क्लोराइडमुळे साध्या स्टेनलेस स्टीललाही खड्डे पडतात. त्यामुळे रबराचे अस्तर, काचकणयुक्त रेझिनचा लेप अथवा निकेलचे मिश्रधातू वापरले जातात. महाराष्ट्रात डहाणू येथे २००७ मध्ये समुद्राच्या पाण्यावर चालणारे संयंत्र कार्यान्वित झाले. खाऱ्या पाण्यामुळे तेथे साहित्याची निवड विशेष महत्त्वाची ठरते.

जुलै २०२५ च्या केंद्रीय अधिसूचनेने बहुतांश केंद्रांना गंधक-वायूच्या निकषातून सूट दिली. राखेचे निकष मात्र कायम असल्याने ‘ईएसपी’च्या देखभालीची जबाबदारी संपलेली नाही.