शेडला अनुदान मिळाले, आता खाद्याचा हिशेब : कुक्कुटपालन व वराहपालन लाभार्थ्यांसाठी माहिती

कोंबड्या किंवा डुकरे पाळण्याच्या एकूण खर्चात सुमारे दोन तृतीयांश वाटा खाद्याचा असतो. सरकारी अनुदान मात्र मुख्यतः शेड, उपकरणे आणि जनावरांच्या खरेदीसाठी मिळते. त्यामुळे शेड उभी राहिल्यानंतर ती टिकेल की नाही, हे खाद्य किती जाते आणि त्यातून वजन किती वाढते यावर ठरते. हा हिशेब कसा ठेवावा, खाद्य वाया जाणे कसे थांबवावे आणि खाद्यासाठी पैसे कोठून उभे करावेत, याची माहिती येथे दिली आहे. शेड गावी आणि मुक्काम शहरात असलेल्या कुटुंबांसाठी शेवटी स्वतंत्र सूचना आहेत.

एफसीआर म्हणजे काय?

एक किलो वजन वाढण्यासाठी किती किलो खाद्य लागले, तो आकडा म्हणजे एफसीआर. पक्ष्यांनी संपवलेले एकूण खाद्य भागिले वाढलेले एकूण वजन, इतकेच गणित आहे. आकडा जितका कमी, तितका फायदा जास्त.

उदाहरण घ्या. तुमच्याकडे 1,000 मांसल पक्षी आहेत आणि विक्रीच्या वेळी एकूण वजन 2,000 किलो भरले. पिलांचे सुरुवातीचे वजन फारच थोडे असल्याने ते येथे सोडून दिले आहे.

- एफसीआर 1.6 असेल तर खाद्य लागले 3,200 किलो.
- एफसीआर 1.8 असेल तर खाद्य लागले 3,600 किलो.

फरक 400 किलोंचा, म्हणजे 50 किलोंच्या 8 गोण्यांचा. खाद्याचा दर 40 रुपये किलो धरला तर एका बॅचमागे 16,000 रुपये जास्त गेले. वर्षात पाच बॅच घेतल्या तर 80,000 रुपये. पक्षी तेवढेच, शेड तीच, मेहनतही तीच.

डुकरांमध्ये हा आकडा मोठा असतो. 20 किलोंचे पिल्लू 80 किलोंचे करताना एफसीआर 3.5 असेल तर 210 किलो खाद्य लागते. 4 असेल तर 240 किलो. वीस डुकरांमागे 600 किलोंचा फरक पडतो.

कंपनीशी करार करून पक्षी वाढवत असाल, तरी हा आकडा तुमच्या कामाचा आहे. अनेक करारांत संगोपनाचा दर एफसीआर पाहून वाढतो किंवा कमी होतो. करारावर सही करण्यापूर्वी ते कलम वाचून घ्या.

वयानुसार खाद्य बदला

लहान वयात प्रथिने जास्त लागतात, वाढत्या वयात त्यांचे प्रमाण कमी होते. भारतीय मानकांनुसार प्रथिनांचे प्रमाण साधारण असे असते:

- मांसल कोंबडी : प्री-स्टार्टर 23, स्टार्टर 22, फिनिशर 20 टक्के
- डुकरे : स्टार्टर 20, ग्रोअर 18, फिनिशर 16 टक्के

शेवटपर्यंत स्टार्टर देत राहिलात तर महाग प्रथिने फुकट जातात. सुरुवातीपासून स्वस्त फिनिशर दिले तर वाढ खुंटते, आणि ती नंतर भरून निघणे अवघड असते.

घरी भरडा करून मिसळत असाल तर दोन गोष्टी ध्यानात ठेवा. मक्यातून ऊर्जा मिळते, पण लायसिन कमी मिळते. सोयाबीन पेंडीत लायसिन भरपूर, पण मिथिओनिन कमी असते. म्हणून कोंबडीच्या मिश्रणात मिथिओनिन, खनिज मिश्रण आणि जीवनसत्त्वे वेगळी घालावी लागतात. कच्चे सोयाबीन तसेच खाऊ घालू नका. त्यातील घटक प्रथिनांचे पचन रोखतात. भाजलेले सोयाबीन किंवा पेंडच वापरा.

अंडी देणाऱ्या कोंबडीला कॅल्शियम जास्त लागते. परसबागेतील कोंबड्या किडे आणि हिरवा पाला स्वतः शोधून खातात. त्यांना संध्याकाळी थोडे धान्य आणि एका भांड्यात शिंपल्यांचा चुरा ठेवा. कवच पातळ होत असेल तर आधी हे तपासा.

खाद्य वाया कोठे जाते?

1. भांडे काठोकाठ भरल्याने. खाद्याचे भांडे एक तृतीयांशच भरा. भांड्याची कड पक्ष्याच्या पाठीच्या उंचीला ठेवा आणि पक्षी वाढतील तसे भांडे वर घ्या.
2. पाणी कमी पडल्याने. कोंबडी खाद्याच्या साधारण दुप्पट पाणी पिते, उन्हाळ्यात त्याहून जास्त. पाणी कमी पडले की खाणेही कमी होते. उन्हाळ्यात खाद्य पहाटे आणि सायंकाळी द्या.
3. बुरशीमुळे. ओल्या मक्यात बुरशी वाढते आणि अफ्लाटॉक्सिन हे विष तयार होते. पक्षी मेला नाही तरी वाढ थांबते. मका नीट वाळवून घ्या. गोण्या लाकडी फळ्यांवर, भिंतीपासून दूर ठेवा. कुबट वासाची गोणी स्वस्त मिळाली तरी घेऊ नका.
4. उंदीर आणि जंत यांमुळे. खाद्याची खोली बंद ठेवा. जंतनाशक पशुवैद्यकांच्या सल्ल्याने वेळेवर द्या.

वजन वाढावे म्हणून खाद्यात प्रतिजैविके मिसळू नका. खाद्यासाठी पाळलेल्या जनावरांमध्ये कोलिस्टिनच्या वापरावर केंद्र सरकारने 2019 मध्ये बंदी घातली आहे.

डुकरांना हॉटेलचे उरलेले अन्न देता येईल का?

खर्च वाचतो म्हणून अनेक जण देतात, पण धोका मोठा आहे. आफ्रिकन स्वाइन फीवर हा रोग भारतात 2020 मध्ये प्रथम आढळला. त्यावर उपचार नाही, आणि न उकळलेल्या उष्ट्या अन्नातून तो पसरू शकतो. डुकराच्या मांसाचे उरलेले तुकडे कधीच देऊ नका. इतर अन्न द्यायचेच असेल तर किमान 30 मिनिटे चांगले उकळा, गार करा आणि मगच द्या. केवळ अशा अन्नावर प्रथिने आणि खनिजे पुरेशी मिळत नाहीत, त्यामुळे सोबत संतुलित खाद्य लागतेच.

कोणत्या योजनेतून काय मिळते?

- राष्ट्रीय पशुधन अभियान : 2021-22 पासून सुधारित स्वरूपात. ग्रामीण कुक्कुटपालनासाठी 50 टक्के, कमाल 25 लाख रुपये. वराहपालनासाठी 50 टक्के, कमाल 30 लाख रुपये. अनुदान दोन समान हप्त्यांत मिळते. कुक्कुटपालनात ते कमी खर्चात वाढणाऱ्या ग्रामीण जातींच्या पैदाशीसाठी आहे. जमीन खरेदी आणि खेळते भांडवल यांसाठी हे अनुदान नाही.
- महाराष्ट्राची नाविन्यपूर्ण योजना : 1,000 मांसल पक्ष्यांच्या शेडसाठी सर्वसाधारण गटाला 50 टक्के, अनुसूचित जाती-जमातींना 75 टक्के अनुदान. अर्ज पशुसंवर्धन विभागाच्या महाबीएमएस संकेतस्थळावर, जाहीर केलेल्या मुदतीत करावा.
- पशुपालनासाठी किसान क्रेडिट कार्ड : खाद्य, औषधे, मजुरी, वीज यांच्या खर्चासाठी कर्ज. वेळेवर परतफेड केल्यास 2 लाख रुपयांपर्यंत व्याज 4 टक्के पडते. शेतीकर्जासाठी विनातारण मर्यादा 1 जानेवारी 2025 पासून 2 लाख रुपये आहे.

म्हणजे शेडचा अर्ज करतानाच बँकेत किसान क्रेडिट कार्डाचीही चौकशी करा. शेड तयार आहे, पक्षी आले आहेत आणि खाद्य उधारीवर आणावे लागते, अशी वेळ आली की दर दुकानदार ठरवतो.

राहणे करोल बागेत, शेड गावी?

सांगली जिल्ह्यातील खानापूर, आटपाडी भागातील अनेक कुटुंबे सोन्या-चांदीच्या गलाई व्यवसायासाठी दिल्लीसह देशभर राहतात. करोल बागेत राहून गावच्या जमिनीवर शेड उभारायची असेल, तर अर्ज प्रकल्पाची जागा असलेल्या राज्यातूनच तपासला जातो. जागेची कागदपत्रे गावची लागतात, दिल्लीची नाहीत.

गावी शेड सांभाळणाऱ्याकडून रोज चार आकडे मागवा : उघडलेल्या गोण्या, शिल्लक गोण्या, मरतूक, आणि आठवड्यातून एकदा 20 पक्ष्यांचे सरासरी वजन. गलाईच्या भट्टीत किती घातले आणि किती निघाले याचा हिशेब तुम्ही ठेवताच. येथेही तोच ठेवायचा आहे. दोन आठवडे एफसीआर वयाच्या मानाने जास्त राहिला तर बॅच संपण्याची वाट पाहू नका. आधी पाणी, मग भांडी, मग खाद्याची गोणी तपासायला सांगा. तरीही फरक पडला नाही तर पशुवैद्यकांना बोलवा.

मदत कोठे मिळेल?

आजारी जनावरासाठी 1962 या क्रमांकावर फोन करा. योजना आणि प्रशिक्षणासाठी तालुक्याचे पशुधन विकास अधिकारी किंवा जवळचे कृषी विज्ञान केंद्र येथे विचारा. खाद्य तपासणीबाबत पशुवैद्यकीय महाविद्यालयात चौकशी करता येते; पश्चिम महाराष्ट्रात असे महाविद्यालय सातारा जिल्ह्यात शिरवळ येथे आहे. जाताना खाद्याच्या गोणीवरील लेबल आणि तुमची नोंदवही सोबत न्या.