टोप घालावा कीं न घालावा?

नांदेडहून नागपूरकडे जाणाऱ्या हमरस्त्यावर हदगांव हें तालुक्याचें गांव लागतें. मुंबईच्या माणसानें केसांचा टोप घातला तर त्याचा बोभाटा होत नाहीं. कचेरी बदलली, बिऱ्हाड बदललें, कीं शेजारीही नवे. ज्यांनीं टक्कल कधीं पाहिलेंच नाहीं, त्यांना केस पाहून नवल वाटण्याचें कारण नसतें. हदगांवांत तसें होणें नाहीं. शनिवारीं उघड्या टाळूनें वर्गावर आलेला मास्तर सोमवारीं भरगच्च केस घेऊन आला, तर पहिल्या तासाला विद्यार्थ्यांत, मधल्या सुटींत शिक्षकांत आणि दिवेलागणीपर्यंत बाजारपेठेंत ती वार्ता पोहोंचते. टोप किती बेमालूम दिसतो याची चौकशी तो शहरांतल्या दुकानांत करील. पण त्याचा खरा प्रश्न निराळा आहे. हें कोणापासून लपवावयाचें, आणि कोणाला आधीं सांगावयाचें?

आजच्या वाचकांच्या आजोबा-पणजोबांना हा प्रश्न फारसा पडला नाहीं. केस त्यांचेही जात. पण बोडक्या डोक्यानें घराबाहेर पडणें हेंच मुळीं अशिष्टपणाचें मानीत. पागोटें, फेटा, रुमाल, टोपी, कांहींतरी डोक्यावर असावयाचेंच. १९४८ च्या सप्टेंबरपर्यंत हा मुलूख हैदराबाद संस्थानांत होता, तेव्हां शहरांतून तुर्की टोपीही दिसे. शिवाय शेंडी राखून बाकीचें डोकें भादरून घेण्याची चाल असल्यामुळें टक्कल कोणतें आणि हजामत कोणती हें ओळखणेंही सोपें नव्हतें. पागोटीं खुंटीवर गेलीं आणि टक्कल उघडें पडलें, असें म्हणावयास हरकत नाहीं.

बायकांची गोष्ट वेगळी. वेणी बारीक झाली म्हणजे तींत गंगावन घालण्याची चाल जुनी आहे. सासूसुनांना, जावांना, शेजारणींना तें माहीत असे, आणि त्याला फसवणूक असें कोणी म्हटलें नाहीं. मात्र संपूर्ण केस जाण्याची धास्ती बायकांच्या मनांत अधिक खोल आहे, आणि तिला इतिहास आहे. ज्या समाजांत केशवपन ही वैधव्याची खूण होती, त्या समाजांत उघडें डोकें हें केवळ रूपाचें न्यून राहत नाहीं. १८९० सालीं मुंबईच्या नाभिकांनीं विधवांचें वपन करण्यास नकार दिला, तो याच जाणिवेपोटीं. केस विरळ झालेल्या स्त्रीला ‘एवढें काय त्यांत’ असें म्हणणाऱ्यांनीं हें ध्यानांत ठेवलेलें बरें.

टोपाचा विचार करण्यापूर्वीं केस कां गेले हें कळलें पाहिजे. माणसाच्या डोक्यावर सुमारें एक लाख केस असतात. प्रत्येक केस कांहीं वर्षें वाढतो, दोन-तीन महिने विसांवा घेतो, गळतो, आणि त्याच मुळांतून नवा उगवतो. रोज पन्नास ते शंभर केस गळणें हें निरोगी डोक्याचेंच लक्षण आहे. विषमज्वर, बाळंतपण, मोठी शस्त्रक्रिया यांनंतर दोन-तीन महिन्यांनीं केस मुठीमुठीनें येऊं लागतात. घर घाबरतें, पण मुळें शाबूत असल्यामुळें बहुधा ते परत येतात. अशा वेळीं टोपावर पैसे घालणें हा निव्वळ उतावीळपणा होय. रुपयाएवढा गुळगुळीत चट्टा पडला तर लोक त्याला चाई म्हणतात आणि कीड केस खाते असें समजून कांहींबाही चोळतात. तेथें कीड नसते. शरीराची संरक्षक यंत्रणाच चुकून केसांच्या मुळांवर उलटलेली असते. असे पुष्कळ चट्टे उपचारानें, कधीं आपोआपही, भरून येतात. कपाळाच्या दोन्ही बाजूंनीं व टाळूवर हळूहळू पसरणारें टक्कल मात्र अनुवंशिक. त्यावर मिनॉक्सिडिलसारखें औषध कांहींना लागू पडतें. पण तें सोडलें कीं मिळालेलें पुन्हां जातें.

कारण न कळतां डोकें गमावणें म्हणजे काय, हें मराठवाड्याच्या सीमेला लागून असलेल्या बुलढाणा जिल्ह्यानें नुकतेंच पाहिलें. १९२४ नव्हे, २०२४ च्या डिसेंबरांत आणि २०२५ च्या जानेवारींत शेगांव तालुक्यांतील कित्येक खेड्यांतून माणसांचे केस अचानक गळूं लागले. कांहींचें डोकें तीन-चार दिवसांत मोकळें झालें. बायका, मुलें, म्हातारे, कोणी सुटलें नाहीं. प्रथम संशय पाण्यावर आला, मग बुरशीवर. दिल्लीहून संशोधकांचें पथक आलें. पुढें विंचूदंशावरील संशोधनासाठीं विख्यात असलेले डॉ. हिंमतराव बावस्कर यांनीं रुग्णांच्या रक्तांत, लघवींत व केसांत सेलेनियम फार वाढल्याचें दाखविलें, आणि तें शिधावाटपाच्या गव्हांतून आलें असा निष्कर्ष मांडला. दरम्यान संकोचानें कित्येकांनीं उरलेसुरलेले केसही काढून टाकले; मुलांचें शिक्षण आणि ठरलेलीं लग्नें अडल्याच्या वार्ता आल्या. पुढें कांहीं आठवड्यांत अनेकांचे केस पुन्हां उगवूं लागले. त्या वेळीं शेगांवच्या बाजारांत कोणी टोपाचें दुकान थाटलें असतें, तर खूप चाललें असतें आणि बहुतेकांचे पैसे फुकट गेले असते. हदगांवच्या माणसाला नांदेडच्या शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांत त्वचारोगाच्या डॉक्टरांस दाखवितां येतें; टोपवाल्याकडे जाण्यापूर्वीं ती खेप करावी.

आतां टोपाविषयीं. टोप म्हणजे बारीक जाळी किंवा पातळ पापुद्रा, आणि त्यावर आंकड्यासारख्या सुईनें एकेक, दोनदोन करून गांठविलेले केस. उत्तम टोपांत माणसाचेच केस असतात. तिरुमलेस भाविकांनीं अर्पण केलेले केस देवस्थान लिलावानें विकतें. दुसरा पुरवठा घरोघरचा आहे. फणींत आलेलें गुंतवळ घेऊन त्याबदल्यांत भांडें किंवा फुगा देणारे फेरीवाले श्रोत्यांनीं पाहिलेच असतील. तें गुंतवळही विंचरून, धुऊन याच व्यापारांत जातें. कृत्रिम धाग्याचा टोप स्वस्त पडतो, परंतु त्याची चकाकी उन्हांत उघडी पडते आणि चुलीच्या धगीजवळ तो आंखडतो.

टोप ओळखूं येतो तो बहुधा मालकाच्या हौसेमुळें. पन्नाशीचा गृहस्थ विशींतले केस मागतो. ते दाट असावेत, काळेभोर असावेत, आणि कपाळावरची कड पट्टीनें आंखल्यासारखी असावी असें त्याला वाटतें. निसर्ग इतका टापटिपीचा नाहीं. कपाळावरची कड वांकडीतिकडी व विरळ असते, कानशिलें आधीं पिकतात. चांगला कारागीर थोडे पांढरे केस मिसळतो आणि दाटपणा कमी ठेवतो. टोप डोक्यावर ठेवून मग भोंवतालच्या खऱ्या केसांशीं मिळवून कापावा लागतो, आणि तेथें सराईत न्हाव्याचा हातच कामास येतो.

मराठवाड्यांत खरी परीक्षा वैशाखांत. पारा चाळिसांच्या वर गेला कीं घामानें चिकटपट्टी सुटते आणि टाळूला खाज सुटते. जाळीचा टोप श्वास घेऊं देतो. रबरासारख्या पापुद्र्याचा अधिक टिकतो, पण खालीं घाम कोंडतो. गोंद लावावयाचा असेल तर तो आधीं दंडाच्या आंतल्या बाजूस थोडा लावून दोन दिवस पाहावा. लाली आली तर तो गोंद आपला नव्हे. चिमट्यांनीं बसविलेला टोप रोज त्याच जागीं खऱ्या केसांना ओढतो, आणि कालांतरानें तेही जातात. म्हणजे झांकण्यासाठीं आणलेल्या वस्तूनें टक्कल वाढलें. रात्रीं टाळूला मोकळी हवा हवी. टोपाच्या केसांना अंगचें तेल मिळत नसल्यामुळें ऊन आणि कूपनलिकेचें जड पाणी यांनीं ते रुक्ष व तांबूस होतात, आणि रोज वापरला तर कांहीं महिन्यांनीं नवा घ्यावा लागतो. दागिना एकदांच घ्यावा लागतो. टोप हा दुधाच्या रतिबासारखा चालू खर्च आहे, आणि घरखर्चांत त्याला कायमची जागा असेल तरच तो आणावा.

राहतां राहिला लपविण्याचा प्रश्न. ज्यांना रोज तोंड दाखवावयाचें त्यांना आधीं सांगून टाकणाऱ्या माणसाचा त्रास आठ दिवसांचा असतो. ‘घातला आहे बुवा, कसा दिसतो?’ एवढें त्यानें स्वतःच विचारलें कीं कुजबुजीला विषय उरत नाहीं. न सांगणारा मात्र वारा आला तरी दचकतो, नदीवर पोहणें सोडतो, पाहुण्यांच्या घरीं मुक्कामाला जात नाहीं. टकलापेक्षां हें जिणें अधिक कष्टाचें आहे.

लग्न ठरतांना तर लपवाछपवी मुळींच चालूं नये. मुलगा टोप घालून मुलगी पाहावयास जातो, घरचीं माणसें मौन पाळतात, आणि लग्नानंतर पहिल्याच रात्रीं ती गोष्ट उघड होते. त्या मुलीला राग टकलाचा येत नाहीं. एवढीं सारीं माणसें मिळून आपल्याशीं खोटें वागलीं याचा येतो. साखरपुड्यापूर्वीं वराच्या आईनें वधूच्या आईला चार शब्द सांगितले तर एखादें स्थळ जाईल. जाऊं द्यावें. मुलीच्या डोक्यावर चाई असेल तर वधूपक्षालाही हाच न्याय लागू आहे, आणि तेथें ऐकून घेणाऱ्या वरपक्षाचीही कसोटी लागते.

कर्करोगावरील औषधोपचारांत केस जाणार असतील तेथें एवढा खल करावयाचें कारण नाहीं. पहिल्या औषधानंतर साधारण दोन-तीन आठवड्यांत केस गळूं लागतात आणि उपचार संपल्यावर कांहीं महिन्यांत परत येतात. टोप हवा असेल तर केस असतांनाच निवडावा, म्हणजे रंग आणि वळण जुळवितां येतें. कित्येक बायका तो हौसेनें आणतात आणि उकाड्यानें कंटाळून चार दिवसांत सुती रुमाल बांधूं लागतात. त्यांना कोणी टोपाच्या किंमतीची आठवण करून देऊं नये. शाळकरी मुलीचे केस गेले असतील तर आईबापांनीं आपल्या लाजेखातर तिच्यावर टोप लादूं नये. तिलाच विचारावें, वर्गशिक्षिकेला विश्वासांत घ्यावें, आणि ती ‘नको’ म्हणाली तर पेटींत ठेवून द्यावा. पुढच्या वर्षीं ती कदाचित् आपणहून मागेल.