सर्दी आणि केळी

डिसेंबरात धुळ्याचा पारा एक आकडी झाला की रावेर-यावलच्या केळीपट्ट्यातसुद्धा सर्दी होईल म्हणून पोरांच्या हातातलं केळं काढून घेतात. २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळवलेल्या जळगावच्या केळीवर हा अन्यायच आहे. सर्दी होते ती विषाणूंमुळे. त्यात रायनोव्हायरसचेच दीडशेहून अधिक प्रकार आहेत. नाकातल्या ३३ अंशांच्या आसपासच्या गारव्यात ते झपाट्याने वाढतात. शिंकेतून, हातांतून पसरतात. म्हणून साबणाने हात धुणं हा पहिला घरगुती उपाय.

झालेली सर्दी कोणताही काढा मारत नाही. ती आठवडा-दहा दिवसांत आपणहून जाते. पण त्रास नक्की कमी करता येतो. रात्रीच्या खोकल्यावर झोपताना चमचाभर मध खरंच उपयोगी पडतो, हे मुलांवरच्या चाचण्यांत दिसलं आहे. दाट मध घशावर लेपासारखा बसतो आणि खवखव शमते. मात्र वर्षाच्या आतल्या बाळाला मधाचं बोटही चाटवू नका: त्यातल्या बोट्युलिझमच्या जिवाणूबीजांनी जिवावर बेतू शकतं. मिठाच्या कोमट पाण्याच्या गुळण्यांनी घसा मोकळा होतो. उकळत्या पातेल्यावर मुलांना वाफ देणं टाळा, भाजण्याचा धोका मोठा. धाप लागली किंवा ताप तीन दिवसांत उतरला नाही, तर दवाखाना गाठा.