शैली वेळापत्रकात ठरते

चित्रपटशिक्षणाच्या शेवटच्या वर्षात विद्यार्थी पदविकेसाठी माहितीपट करायला घेतो, तेव्हा त्याच्यासमोर शैलींची एक तयार यादी असते. अमेरिकी अभ्यासक बिल निकोल्स यांनी मांडलेले सहा प्रकार आता जगभर शिकवले जातात. काव्यात्म, विवेचक, निरीक्षणात्मक, सहभागी, स्वतःच्या घडणीकडे बोट दाखवणारा आणि आत्मनिष्ठ असे ते सहा. विद्यार्थी चार-सहा गाजलेले माहितीपट पाहतो, त्यांची या खान्यांत वाटणी करतो, स्वतःच्या स्वभावाला मानवणारा एक खाना निवडतो आणि मग निर्मितीच्या आराखड्याकडे वळतो. परवानग्या, चित्रीकरणाचे दिवस, प्रवास, ध्वनिमुद्रक, संकलनाचे आठवडे हे सारे त्याला शैली ठरल्यानंतरचे कारकुनी काम वाटते. माझ्या मते हा क्रम उलटा आहे. माहितीपटाची शैली मुळात नियोजनात ठरते. कोणाबरोबर किती काळ राहायचे, कोणाच्या परवानगीने आत शिरायचे, आवाज कसा टिपायचा आणि शेवटी चित्रपट कोणाला दाखवायचा, या चार प्रश्नांची उत्तरे मिळाली की शैलीचा बराचसा भाग ठरून गेलेला असतो. माहितीपटाच्या शंभरेक वर्षांच्या इतिहासात याचे पुरावे जागोजाग आहेत आणि आपल्याकडचे पुरावे त्यांत कमी महत्त्वाचे नाहीत.

सुरुवात रॉबर्ट फ्लाहर्टी यांच्या 1922 सालच्या ‘नानूक ऑफ द नॉर्थ’पासून करता येते. कॅनडाच्या उत्तरेकडील इनुइट कुटुंबाच्या या चित्रपटातले बर्फघराच्या आतले दृश्य खऱ्या बर्फघरात घेतलेले नाही. तिथे कॅमेऱ्यापुरती जागा नव्हती आणि उजेडही पुरेसा नव्हता. म्हणून मोठे बर्फघर बांधले, त्याची एक बाजू उघडी ठेवली आणि त्या थंडीत कुटुंबाला झोपेतून उठण्याचा अभिनय करायला लावला. 1936 सालच्या ‘नाइट मेल’ या ब्रिटिश माहितीपटातही हेच घडले. लंडनहून स्कॉटलंडकडे धावणाऱ्या टपालगाडीत पत्रे निवडणारे कर्मचारी खरे, पण त्यांचा डबा स्टुडिओत उभारलेला होता, कारण तेव्हाची ध्वनियंत्रे धावत्या गाडीत संवाद नीट टिपू शकत नव्हती. या दोन्ही चित्रपटांकडे आपण ‘पुनर्रचना’ या शैलीचे नमुने म्हणून पाहतो. प्रत्यक्षात ती प्रकाशाच्या आणि आवाजाच्या अडचणीवर काढलेली वाट होती. ती वाट कुठवर न्यायची, हा मात्र दिग्दर्शकाचा निर्णय होता. इनुइट शिकारी तोवर बंदुका वापरू लागले होते, तरी फ्लाहर्टींनी त्यांच्या हाती जुनी हत्यारे दिली. बर्फघर उघडे ठेवणे ही गरज होती, बंदूक लपवणे ही निवड होती. शैलींची तुलना करणाऱ्याने हा फरक आधी ओळखायला हवा.

भारतातले सर्वांत ठळक उदाहरण फिल्म्स डिव्हिजनचे. 1948 साली मुंबईत स्थापन झालेल्या या संस्थेचे माहितीपट आणि वृत्तपट चित्रपटगृहांत मुख्य चित्रपटाआधी सक्तीने दाखवले जात. पडद्यामागून बोलणारा तो भारदस्त निवेदक कित्येक पिढ्यांनी ऐकला. त्या आवाजाला आपण सरकारी शैली म्हणतो. सरकारला जनतेला शिकवायचे होते हे खरेच, पण त्यामागे एक साधे व्यावहारिक कारणही होते. तोच चित्रपट डझनभराहून अधिक भाषांत काढायचा असे. माणसे पडद्यावर स्वतः बोलू लागली तर प्रत्येक भाषेसाठी त्यांचे बोलणे बदलावे लागणार. निवेदन असले की फक्त निवेदक बदलायचा. म्हणजे वितरणाच्या योजनेने माणसांचा आवाज काढून घेतला. साठच्या दशकात जाँ भावनगरी यांनी तिथल्या दिग्दर्शकांना मोकळीक दिली, तेव्हा चित्र बदलले. एस. एन. एस. शास्त्री यांनी 1967 साली ‘आय ॲम 20’मध्ये स्वातंत्र्याबरोबर जन्मलेल्या तरुणांना कॅमेऱ्यासमोर आणून बोलते केले. सुखदेव यांच्या ‘इंडिया 67’ने निवेदनाला फाटा देऊन देशभरची दृश्ये आणि आवाज एकमेकांशेजारी ठेवले. संस्था तीच होती, पण तिच्या कामाची पद्धत बदलताच पडद्यावर वेगळी माणसे दिसू आणि ऐकू येऊ लागली.

यावर कोणी म्हणेल की हा सगळा यंत्रांचा इतिहास झाला. हलके कॅमेरे आणि खांद्यावर नेता येणारी ध्वनियंत्रे आली आणि शैली बदलली, एवढेच. पण 1960च्या सुमारास जवळपास सारखी साधने हाती आलेल्या दोन गटांनी परस्परविरुद्ध चित्रपट केले. अमेरिकेत रॉबर्ट ड्रू यांच्या चमूने ‘प्रायमरी’मध्ये विस्कॉन्सिनमधल्या प्रचारात केनेडी आणि हम्फ्री यांच्या मागे कॅमेरा नेला आणि स्वतः शक्य तितके अदृश्य राहण्याचा प्रयत्न केला. फ्रान्समध्ये जाँ रूश आणि एदगार मोराँ यांनी ‘क्रॉनिकल ऑफ अ समर’मध्ये पॅरिसमधल्या लोकांना थेट विचारले, की तुम्ही सुखी आहात का? पुढे चित्रित झालेला भाग त्याच लोकांना दाखवला आणि त्यांची चर्चाही चित्रपटात घेतली. निवडणुकीतल्या उमेदवाराकडे थांबून उत्तरे द्यायला वेळ नसतो, त्याच्यामागे धावावे लागते. पॅरिसमधल्या ओळखीच्या माणसांबरोबर उन्हाळाभर बसता येते, म्हणून त्यांना भागीदार करता येते. यंत्राने दोन्ही शक्यता खुल्या केल्या. कोणती घ्यायची हे समोरच्या माणसांशी असलेल्या नात्याने आणि हाती असलेल्या वेळाने ठरवले. फ्रेडरिक वाइजमन यांच्या ‘टिटिकट फॉलीज’ची (1967) कथा याच्या पुढची आहे. मॅसॅच्युसेट्समधल्या मनोरुग्ण कैद्यांच्या संस्थेत त्यांना प्रवेश मिळाला, पण ज्यांचे चित्रण झाले त्यांच्या संमतीवरून खटला उभा राहिला आणि त्याच्या सार्वजनिक प्रदर्शनावरची बंदी 1991पर्यंत टिकली. निवेदन नाही, मुलाखत नाही, नुसते पाहणे, अशी ती शैली आहे. पण पाहण्याचा हक्क कोणी दिला आणि कोणाच्या वतीने दिला, हा प्रश्न तिच्या पायातच बसलेला आहे.

आता मुंबईकडे येऊ. आनंद पटवर्धन यांच्या ‘हमारा शहर’मध्ये (1985) झोपड्या पाडल्या जाणाऱ्या माणसांबरोबर विलास घोगरे या शाहिराचे गाणे आहे. 11 जुलै 1997 रोजी घाटकोपरच्या रमाबाई नगरात पोलिसांच्या गोळीबारात दहा जणांचा बळी गेला आणि त्यानंतर घोगरे यांनी आपले जीवन संपवले. तिथून पटवर्धन यांनी ‘जय भीम कॉम्रेड’ सुरू केला आणि तो 2011 साली, म्हणजे चौदा वर्षांनी, पूर्ण केला. तीन तासांहून मोठ्या या चित्रपटात गाणी आहेत, मुलाखती आहेत, सभा आहेत, न्यायालयीन लढ्याची रखडपट्टी आहे. निकोल्स यांच्या कोणत्याही एका खान्यात तो बसत नाही. त्याची खरी शैली त्या चौदा वर्षांत आहे. न्याय किती उशिरा आणि किती तुटपुंजा मिळतो, हे दोन वर्षांत उरकलेला माहितीपट सांगू शकला असता, पण दाखवू शकला नसता. निष्ठा जैन यांचा ‘लक्ष्मी अँड मी’ (2007) याच शहरात दुसऱ्या टोकाला उभा आहे. दिग्दर्शिकेच्याच घरी काम करणारी बाई हा त्याचा विषय. इथे कॅमेरा तटस्थ राहूच शकत नव्हता, कारण तो धरणारी व्यक्ती मालकीण होती. तिने स्वतःला चौकटीत आणले नसते, तर नात्यातली मुख्य गोष्टच लपली असती.

कवी नारायण सुर्वे यांच्यावरचे दोन चित्रपट शेजारी ठेवून पाहावेत. गिरणीकामगार गंगाराम सुर्वे यांना सापडलेले आणि त्यांनी वाढवलेले ते मूल. अशा बालपणाचे छायाचित्र कुठून मिळणार आणि चलच्चित्र कुठून? ज्या वर्गाचा चेहरा कोणी जपून ठेवलेला नाही, त्याच्यावर चित्रपट करताना ही उणीव पहिल्याच दिवशी समोर येते. अरुण खोपकर यांनी ‘नारायण गंगाराम सुर्वे’मध्ये अभिनीत प्रसंगांचा आधार घेतला. अंजली माँतेरो आणि के. पी. जयशंकर यांनी ‘साचा’मध्ये (2001) सुर्व्यांची कविता आणि सुधीर पटवर्धन यांची चित्रे यांच्या साहाय्याने 1982च्या संपानंतर विझत गेलेले गिरणगाव उभे केले. एकाने रिकामी जागा नटाच्या देहाने भरली, दुसऱ्यांनी ती शब्द आणि रंग यांच्याकडे सोपवली. दोन्ही मार्ग सचोटीचे आहेत आणि दोन्हींचा उगम दृश्यसामग्रीच्या अभावात आहे. नाट्यरूप की काव्यात्म, हा वाद त्यानंतरचा.

हे सूत्र नव्या निर्मितीला लावून पाहू. समजा, एखाद्या विद्यार्थ्याला ऊसतोड कामगारांवर तीस मिनिटांचा माहितीपट करायचा आहे. दिवाळीच्या सुमारास बीड आणि आसपासच्या जिल्ह्यांतून टोळ्या निघालेल्या किंवा निघण्याच्या बेतात असतात आणि परततात त्या मार्च-एप्रिलकडे. चित्रीकरण दिवाळीनंतर सुरू केले, तर टोळी जमवणाऱ्या मुकादमाकडून उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, घेण्याचा प्रसंग हातचा गेलेला असतो. मग उचल ही गोष्ट निवेदनात किंवा मुलाखतीत सांगावी लागते. तेच विद्यार्थी भाद्रपदात गावी पोचला, तर ती घडताना दिसते. तारीख दोन महिने इकडे-तिकडे झाली, की विवेचक आणि निरीक्षणात्मक यांतली निवड आपोआप होऊन जाते. फडात शिरायला मुकादम, शेतकरी आणि कारखाना या तिघांची संमती लागते आणि ज्याच्या संमतीने आपण आत गेलो, त्याच्याच बाजूला कॅमेरा उभा असल्याचे कामगारांना दिसते. उचल अंगावर असलेला कोयता, म्हणजे नवरा-बायकोची जोडी, मुकादमासमोर हिशेबाविषयी मोकळेपणाने काय बोलणार? म्हणून फडात फक्त पाहायचे आणि बोलणे पावसाळ्यात त्यांच्या घरी करायचे, असा आराखडा निघतो. हीच त्या चित्रपटाची रचना आणि हीच त्याची शैली.

आवाजाचेही तसेच. वाळलेल्या पाचटाची सळसळ एवढी असते की दहा पावलांवरचे बोलणे पुसले जाते. कपड्याला लावलेला माइक वाकून तोडणाऱ्या बाईच्या पदराला घासत राहतो. म्हणजे ध्वनिमुद्रकाला सरीत शिरून, बूम धरून, तिच्या बरोबरीने सरकावे लागणार. दूरवरून टेलिफोटो भिंगाने टिपलेली सुंदर दृश्ये घ्यायची, तर आवाज सोडावा लागतो आणि आवाज सोडला की संगीत किंवा निवेदन येते. गाडी भरायला कधी येईल याचा नेम नसतो. ती रात्री आली, की डोक्यावर मोळी घेऊन फळीवरून ट्रकवर चढणाऱ्या बाईला उजेड कशाचा द्यायचा? दिवे लावले तर तिच्या कामात व्यत्यय येतो आणि ते दृश्य आपल्यासाठी घडवलेले होते. ट्रकच्या दिव्यांवर भागवले तर चित्र धूसर येते, पण खरे राहते. शिवाय हिशेब मांडायला हवा. रोज तीन तास याप्रमाणे चाळीस दिवस चित्रण केले, तर 120 तास जमतात, म्हणजे 240 मिनिटांतून एक मिनिट निवडायचे. रोज सहा तास बसले तरी ते एकदा नुसते पाहायला वीस दिवस लागतात. संकलनाला सहाच आठवडे असतील, तर निरीक्षणात्मक शैलीचा हट्ट धरण्यात अर्थ नाही.

या मांडणीवर तीन आक्षेप येतात आणि तिन्ही गंभीर आहेत. पहिला असा, की माहितीपटाचे सौंदर्य अनपेक्षितात असते, नियोजनाने ते मरते. पटवर्धन यांनी 1997 साली चौदा वर्षांचे वेळापत्रक आखले नव्हते, हे खरे. पण ते स्वतः कॅमेरा चालवतात आणि स्वतः संकलन करतात. रोजंदारीवरचा मोठा चमू बाळगून इतकी वर्षे तग धरणे कठीण झाले असते. घटना ठरवता येत नाहीत, घटनांची वाट पाहण्याची ऐपत ठरवता येते आणि नियोजन म्हणजे ती ऐपत उभी करणे. दुसरा आक्षेप आजचा आहे. फोनवर चित्रपट होतो, तेव्हा साधनांची मर्यादा उरलीच कुठे? कॅमेरा स्वस्त झाला, हे मान्य. माणसांचा विश्वास, विषयाजवळ काढायचे महिने, जुन्या दृश्यांचे हक्क आणि बोलींतले बोलणे लिहून काढणे यांतले काहीच स्वस्त झालेले नाही. शौनक सेन यांच्या ‘ऑल दॅट ब्रीद्स’मध्ये (2022) दिल्लीतल्या घारी आणि त्यांच्यावर उपचार करणारे भाऊ यांच्याकडे कॅमेरा ज्या संथपणे पाहतो, त्यामागे जवळपास तीन वर्षांचे चित्रीकरण आहे. याउलट पायल कपाडिया यांचा ‘अ नाइट ऑफ नोइंग नथिंग’ (2021) पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमधल्या 2015च्या 139 दिवसांच्या संपाचे आणि इतरत्रच्या विद्यार्थी-आंदोलनांचे मित्रांनी टिपलेले चित्रण, जुने घरगुती तुकडे आणि काल्पनिक पत्रे यांतून उभा राहिला. हाती आलेली सामग्री विखुरलेली होती आणि ते विखुरलेपण मान्य करणारे रूप दिग्दर्शिकेने शोधले. दोन्ही चित्रपटांना कान महोत्सवात सर्वोत्तम माहितीपटाचा पुरस्कार मिळाला आणि दोन्ही आपापल्या परिस्थितीशी प्रामाणिक आहेत.

तिसरा आक्षेप मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. शैली जर परिस्थितीतून येत असेल, तर दिग्दर्शक जबाबदारीतून सुटतो. पैसे नव्हते म्हणून निवेदन घातले, वेळ नव्हता म्हणून प्रसंग घडवून आणला, असे म्हणून मोकळे होता येईल. माझी मांडणी याच्या नेमकी विरुद्ध जाते. शैली नियोजनात ठरते, म्हणूनच नियोजन हा नैतिक निर्णयांचा टप्पा आहे. ज्याला फडात चार दिवसच मिळणार आहेत, त्याने अख्ख्या हंगामाचा आव आणू नये. विषय लहान करावा. एका रात्रीची एक गाडी कशी भरली जाते, एवढाच चित्रपट करावा आणि तो मनापासून करावा. आवाका कमी केल्याने चित्रपट लहान होत नाही, न पाहिलेले पाहिल्यासारखे दाखवल्याने होतो. फ्लाहर्टींच्या चित्रपटातले बर्फघर आज आपण समजून घेतो, लपवलेली बंदूक मात्र शंभर वर्षांनीही सलते.

म्हणून शैली शिकवण्याची पद्धत बदलायला हवी. विद्यार्थ्याला माहितीपट दाखवल्यावर तो कोणत्या प्रकारात मोडतो हे विचारण्याआधी, तो करायला किती दिवस लागले असतील, दाराशी कोणाची परवानगी होती, आवाज कोणी आणि कुठून टिपला, आणि पडद्यावरच्या माणसाने तो पाहिला असेल का, हे विचारावे. मग त्याच्या स्वतःच्या आराखड्यावर हेच चार प्रश्न ठेवावेत. महाराष्ट्रात विषयांना तोटा नाही. फड आहेत, बंद गिरण्यांच्या जागी उभे राहिलेले मनोरे आहेत, कोळीवाडे आहेत, दुष्काळी गावे आहेत. तोटा आहे तो या विषयांजवळ पुरेसा काळ थांबू शकणाऱ्या निर्मितीचा. शिक्षणसंस्थांनी आणि निधी देणाऱ्यांनी चित्रीकरणाच्या दिवसांइतकेच चित्रीकरणाआधीच्या महिन्यांना पैसे दिले, तर मराठीत नव्या शैली आपोआप दिसू लागतील, कारण त्या थांबण्यातूनच जन्मतात.