श्वास यंत्राचा, श्वास स्वतःचा

तान्ह्या मुलाला अंगावरून तोडायचे कधी, हे आपल्याकडे घरातल्या जाणत्या बायका ठरवत आल्या. फार लवकर तोडले तर मूल खंगते, फार उशीर केला तर ते वरच्या अन्नाला तोंड लावत नाही. व्हेंटिलेटरवरच्या रुग्णाला यंत्रापासून सोडवण्याच्या क्रियेलाही इंग्रजीत हाच शब्द आहे, ‘वीनिंग’. अतिदक्षता विभागात इतकी वर्षे काढल्यावर मला तो फार समर्पक वाटतो.

बाहेर बाकावर बसलेल्या नातेवाइकांचा प्रश्न रोज एकच असतो, ‘डॉक्टर, नळी कधी काढणार?’ घाई केली आणि रुग्णाला दम लागला, तर नळी पुन्हा घालावी लागते आणि जिवाचा धोका वाढतो. उशीर केला, तर फुप्फुसात जंतुसंसर्गाची भीती. शिवाय श्वासपटल सुकते. छाती आणि पोट यांच्यामधला हा घुमटाकार स्नायू जन्मल्यापासून एक दिवसही सुटी घेत नाही. यंत्राने त्याचे काम काढून घेतले की मात्र तो झपाट्याने बारीक होतो. मेंदू मृत झालेल्या आणि १८ ते ६९ तास व्हेंटिलेटरवर असलेल्या अवयवदात्यांचा एक अभ्यास २००८ साली प्रसिद्ध झाला. त्यांच्या श्वासपटलाच्या तंतूंचा आडवा छेद निम्म्याहून कमी भरला. एवढ्या थोड्या वेळात!

आमची नेहमीची परीक्षा अशी : यंत्राचा आधार अगदी कमी करून रुग्णाला अर्धा ते दोन तास स्वतः श्वास घेऊ द्यायचा. मिनिटातल्या श्वासांच्या संख्येला एका श्वासातल्या हवेने, लिटरमध्ये मोजून, भागायचे. उत्तर १०५ च्या वर गेले की सावध व्हायचे. १९९१ पासूनचे हे गणित आजही उपयोगी पडते. पण रुग्ण दमला एवढेच ते सांगते. का दमला, ते सांगत नाही.

तिथे सोनोग्राफी मदतीला येते. सोनोग्राफी म्हटले की आपल्याला गर्भारपण आणि भिंतीवरची गर्भलिंगनिदानबंदीची पाटी आठवते. तेच तंत्र आम्ही खाटेपाशी वापरतो. उजव्या कुशीत, खालच्या बरगड्यांमध्ये यंत्राची मूठ टेकवली की पडद्यावर दोन पांढऱ्या रेघांमध्ये एक काळसर पट्टी दिसते. जेमतेम दोन मिलिमीटरची. हेच श्वासपटल. श्वास आत घेताना ती पट्टी साधारण ३० टक्के किंवा अधिक जाड झाली, तर स्नायूत जीव आहे असे समजावे. मूठ थोडी सरकवली की फुप्फुसे दिसतात, हृदय दिसते.

साठीतले एक शेतकरी न्यूमोनियातून सावरले होते, पण या परीक्षेत दोनदा दमले. ‘आता गळ्याला छिद्रच पाडावं लागणार का?’ मुलाने धास्तावून विचारले. तिसऱ्या परीक्षेच्या वेळी मी सोनोग्राफी लावली. श्वासपटल उत्तम हलत होते. मात्र पंधरा मिनिटांत फुप्फुसांवर वरून खाली जाणारे पांढरे झोत वाढू लागले. म्हणजे पाणी साचत होते. यंत्राचा आधार सुटताच वाढलेला भार त्यांच्या हृदयाला पेलत नव्हता. लघवी वाढवणारे औषध दिले, रक्तदाब आटोक्यात आणला. दोन दिवसांनी नळी निघाली. घोगऱ्या आवाजात त्यांनी आधी चहा मागितला.

अर्थात पडदा निकाल देत नाही. पाहणाऱ्याच्या हातावर बरेच अवलंबून असते. रुग्णाच्या खोकल्यात जोर आहे का, तो पुरता शुद्धीवर आहे का, हे खाटेजवळ उभे राहूनच कळते. सगळ्या परीक्षा पार करून नळी काढलेल्यांतही शंभरातल्या दहा-पंधरा जणांना ती पुन्हा लागते.

म्हणून तुमच्यावर अशी वेळ आली, तर ‘नळी कधी काढणार’ याच्या जोडीला आणखी एक प्रश्न डॉक्टरांना जरूर विचारा : ‘आज यांनी स्वतः किती वेळ श्वास घेतला, आणि अडले ते कशामुळे?’