मॅन्युअल स्टिअरिंगमध्ये रूपांतरित केलेल्या जुन्या मोटारींतील स्टिअरिंगचा जडपणा : कारणे व उपाय

बीजसंज्ञा : जुन्या मोटारी, मॅन्युअल स्टिअरिंग, गुणोत्तर, कॅस्टर, टायरमधील हवेचा दाब

१. प्रस्तावना

लोणंद हे सातारा जिल्ह्याच्या खंडाळा तालुक्यातील पुणे-मिरज लोहमार्गावरील स्थानक असून कांद्याची बाजारपेठ म्हणून ते सर्वपरिचित आहे. बाजाराच्या दिवशी ट्रक, ट्रॅक्टर व टेम्पो यांच्या गर्दीतून मोटार अक्षरशः पावलापावलाने पुढे न्यावी लागते. आषाढी वारीच्या काळात ज्ञानेश्वर महाराजांची पालखी नीरा नदी ओलांडून लोणंदला मुक्कामी येते, तेव्हाही वाहनांची गती अशीच मंदावते. याउलट लोणंदहून साताऱ्याकडे जाताना सालपे घाटातील वळणांवर स्टिअरिंग झटपट फिरवावे लागते. संथ गतीतील जडपणा आणि वळणावरील तत्परता या स्टिअरिंगच्या दोन्ही कसोट्या एकाच प्रवासात लागतात. पॉवर स्टिअरिंग काढून मॅन्युअल स्टिअरिंग बसविलेल्या जुन्या मोटारींच्या बाबतीत ही कसोटी विशेष कठीण ठरते.

अशा मोटारींतील स्टिअरिंग जड का होते याची कारणमीमांसा करणे, तसेच ते हलके करण्याचे उपाय कोणत्या क्रमाने योजावेत हे स्पष्ट करणे, हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

२. पार्श्वभूमी

प्रवासी मोटारीत पॉवर स्टिअरिंग सर्वप्रथम व्यापारी तत्त्वावर उपलब्ध झाले ते १९५१ साली, अमेरिकेतील क्रायस्लर कंपनीच्या इम्पिरियल या मोटारीत. भारतीय रस्त्यांवर मात्र त्यानंतरही अनेक दशके मॅन्युअल स्टिअरिंगचेच राज्य होते. वालचंद हिराचंद यांनी स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ला येथील कारखान्यातून बाहेर पडलेली प्रीमियर पद्मिनी हे त्याचे ठळक उदाहरण होय. मुंबईच्या टॅक्सीचालकांनी ही मोटार दिवसभर गर्दीतून चालविली. अशा शेवटच्या नोंदणीकृत टॅक्सीची मुदत ऑक्टोबर २०२३ मध्ये संपली. पद्मिनीचे स्टिअरिंग सुसह्य होते, कारण तिची रचनाच मुळात मानवी हातांच्या बळाचा विचार करून झालेली होती. कमी वजन, अरुंद टायर आणि मोठ्या व्यासाचे स्टिअरिंग चाक ही तिची वैशिष्ट्ये होती.

हिंदुस्थान मोटर्सची कॉन्टेसा ही मोटार १९८४ ते २००२ या काळात तयार झाली. ती पद्मिनीहून बरीच वजनदार होती आणि तिच्या नंतरच्या काही आवृत्त्यांत पॉवर स्टिअरिंगची सोय होती. उत्पादन थांबून दोन दशके उलटल्यामुळे अशा मोटारींचे पंप, सील व नळ्या सहज मिळत नाहीत. तेलाची गळती सुरू झाली की पॉवर स्टिअरिंग काढून टाकण्याचा निर्णय घेतला जातो. तथापि पॉवर स्टिअरिंगची मोटार आणि मॅन्युअल स्टिअरिंगची मोटार यांच्यात केवळ एका पंपाचा फरक नसतो, ही बाब येथे दुर्लक्षित राहते.

३. एक सार्वत्रिक गैरसमज

पंपाचा पट्टा काढला की स्टिअरिंग मॅन्युअल झाले, असा समज अनेक ठिकाणी आढळतो. तो तीन कारणांनी चुकीचा आहे. पहिले कारण असे की, पंप बंद असला तरी स्टिअरिंग फिरविताना यंत्रणेतील तेल नळ्यांतून व झडपेतून ढकलावे लागते आणि सीलचे घर्षणही कायम राहते. दुसरे कारण गुणोत्तराचे आहे. पॉवर स्टिअरिंगचे गुणोत्तर सामान्यतः कमी ठेवलेले असते. म्हणजे चाक थोडे फिरविले तरी टायर जास्त वळतात. पंपाची मदत असताना हे सोयीचे असते, पण मदत गेल्यावर तोच जोर हातांना लावावा लागतो. तिसरे कारण सुरक्षिततेशी निगडित आहे. पॉवर स्टिअरिंगच्या झडपेत थोडी हालचाल राखून ठेवलेली असते. दाब नसताना ती हालचाल मध्यावरील ढिलेपणाच्या रूपाने जाणवते आणि वेगात मोटार सरळ ठेवणे अवघड होते. म्हणून मूळ मॅन्युअल स्टिअरिंग बॉक्स अथवा रॅक बसविणे हाच योग्य मार्ग होय.

४. जडपणाचे गणित

उभ्या मोटारीचे टायर जागच्या जागी वळविण्यास लागणारे बल तीन घटकांवर अवलंबून असते : पुढील आसावरील भार, टायरमधील हवेचा दाब आणि रस्त्याशी होणारे घर्षण. टायरशास्त्रात रूढ असलेल्या एका अनुभवसिद्ध सूत्रानुसार हे घूर्णबल भाराच्या दीडाव्या घाताच्या सम प्रमाणात आणि दाबाच्या वर्गमुळाच्या व्यस्त प्रमाणात बदलते.

उदाहरणादाखल पुढील आसावर सुमारे ६१० किलोग्रॅम भार असलेली मोटार घेऊ. घर्षणांक ०.७ आणि हवेचा दाब २६ पौंड धरल्यास टायर वळविण्यास सुमारे २५५ न्यूटन-मीटर घूर्णबल लागते. हवा साडेसतरा पौंडांपर्यंत उतरली असल्यास तेच ३११ न्यूटन-मीटरपर्यंत जाते. आता स्टिअरिंगचे गुणोत्तर १४, कार्यक्षमता ७५ टक्के आणि चाकाचा व्यास ३८ सेंटिमीटर मानला, तर कमी हवेच्या स्थितीत चालकाला चाकाच्या कडेवर सुमारे १६ किलो भाराइतका जोर लावावा लागतो. केवळ हवा योग्य केल्याने तो १३ किलोवर येतो. गुणोत्तर १८ केल्यास तो सुमारे १० किलो होतो आणि चाकाचा व्यास ४० सेंटिमीटर केल्यास ९.६ किलोपर्यंत उतरतो.

या आकड्यांचे महत्त्व तुलनेपुरतेच आहे. प्रत्येक मोटारीत ते बदलतील. मात्र एक गोष्ट त्यांतून स्पष्ट होते. कोणताही एक उपाय चमत्कार घडवीत नाही. अनेक लहान उपायांची बेरीजच परिणामकारक ठरते. त्यांपैकी सर्वांत स्वस्त उपाय, म्हणजे हवा तपासणे, हा लक्षणीय लाभ देणाऱ्या उपायांपैकी एक आहे.

५. उपायांचा क्रम

(अ) देखभाल : प्रथम पुढील चाके जमिनीवरून उचलून स्टिअरिंग फिरवून पाहावे. या स्थितीतही ते जड लागल्यास दोष टायरचा नसून सांध्यांचा आहे, असे समजावे. बॉल जॉइंट, टाय रॉडची टोके, किंग पिन असल्यास तिचे बुश आणि कॉलमचा युनिव्हर्सल जॉइंट यांपैकी एखादा भाग कोरडा किंवा गंजलेला असतो. वरील उदाहरणात घर्षणामुळे कार्यक्षमता ७५ वरून ६० टक्क्यांवर आली, तर ९.६ किलोचा जोर पुन्हा १२ किलो होतो. म्हणजेच महागडा बॉक्स बसवून मिळविलेला लाभ ग्रीसअभावी वाया जाऊ शकतो. स्टिअरिंग बॉक्समधील समायोजनाचा स्क्रू ढिलेपणा घालविण्यासाठी जास्त आवळला गेल्यासही जडपणा येतो.

(आ) टायर : शोभेसाठी रुंद टायर व बाहेर आलेले रिम बसविल्यास टायरचा मध्य वळणाच्या अक्षापासून दूर जातो. परिणामी खड्ड्यांचे व ब्रेकचे धक्के थेट हातांत येतात. उत्पादकाने सांगितलेल्या मापाचे टायर वापरणे हितावह असते.

(इ) कॅस्टर : चाक ज्या अक्षावर वळते त्याचा मागे झुकलेला कोन म्हणजे कॅस्टर. या कोनामुळे वळण संपल्यावर चाके आपोआप सरळ होतात. पॉवर स्टिअरिंगच्या मोटारींत तो बहुधा अधिक ठेवलेला असतो. रूपांतरानंतर, त्याच मोटारीच्या मॅन्युअल आवृत्तीसाठी दिलेल्या मापापर्यंत तो कमी केल्यास चालत्या गाडीतील जोर घटतो. परंतु तो वाजवीपेक्षा कमी केला, तर मोटार सरळ रेषेत स्थिर राहत नाही.

(ई) गुणोत्तर व चाक : गुणोत्तर १४ वरून १८ केल्यास जोर घटतो, पण एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत ३ फेऱ्यांऐवजी सुमारे ३.९ फेऱ्या माराव्या लागतात. बाजारपेठेत जे हलके वाटते, तेच घाटातील वळणावर संथ वाटू शकते. वाचविलेला जोर हातांच्या जास्त हालचालीने चुकता करावा लागतो. यंत्रशास्त्राच्या या नियमातून सुटका नाही. आवडीखातर बसविलेले लहान स्टिअरिंग चाक मात्र जोर वाढविते आणि त्याचा कोणताही लाभ संथ गतीत मिळत नाही.

(उ) चालविण्याची सवय : उभ्या मोटारीत स्टिअरिंग फिरविणे टाळून मोटार किंचित हलू लागल्यावर फिरविल्यास टायर घासण्याऐवजी लोळतो व जोर पुष्कळ कमी होतो. या उपायास एक पैसाही लागत नाही. पद्मिनीसारख्या मोटारींचे जुने चालक ही पद्धत सहजगत्या पाळत असत.

६. सुरक्षितता व कायदा

नव्या मोटारींतील विजेवर चालणारी स्टिअरिंग यंत्रणा भंगारातून आणून जुन्या मोटारीत बसविण्याचे प्रयोग होतात. त्यासाठी कॉलम कापून वेल्डिंग करणे अत्यंत धोक्याचे आहे. ब्रेक निकामी झाल्यास निदान गिअरचा व हँडब्रेकचा आधार उरतो. स्टिअरिंगचा सांधा तुटल्यास चालकाच्या हाती काहीच उरत नाही.

संयुक्त राष्ट्रांच्या ७९ क्रमांकाच्या नियमावलीत प्रवासी मोटारीच्या सुस्थितीतील स्टिअरिंगसाठी १५० न्यूटन, म्हणजे सुमारे १५ किलो भाराइतक्या जोराची कमाल मर्यादा आहे. ही चाचणी चालत्या मोटारीवर घेतली जाते. त्यामुळे वर दिलेल्या उभ्या मोटारीच्या आकड्यांशी तिची थेट तुलना करता येत नाही. तरीही चालकाकडून किती बळाची अपेक्षा करावी, याचा अंदाज तीवरून येतो.

मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ अन्वये वाहनातील फेरबदलांवर निर्बंध आहेत. खासगी मोटारीची नोंदणी १५ वर्षांनी नूतनीकरणास येते, तेव्हा वाहनाची तपासणी होते. शिवाय २०२१ च्या नियमांनुसार ५० वर्षांहून जुन्या वाहनास व्हिंटेज नोंदणी हवी असल्यास ते मूळ स्वरूपात असणे अपेक्षित आहे. या दृष्टीने त्याच मोटारीच्या मॅन्युअल आवृत्तीचे भाग वापरणे, काढलेले मूळ भाग जपून ठेवणे आणि कामापूर्वी परिवहन कार्यालयाकडे विचारणा करणे श्रेयस्कर ठरते.

७. निष्कर्ष

स्टिअरिंगचा जडपणा हा जुन्या मोटारीचा अटळ भोग नव्हे. पॉवर स्टिअरिंग काढताना केवळ पंप न काढता गुणोत्तर, कॅस्टर, टायर आणि चाकाचा व्यास यांचा एकत्रित विचार केला, तर मोटार हातांच्या आटोक्यात येते. हवा व ग्रीस, त्यानंतर अलाइनमेंट आणि सरतेशेवटी गुणोत्तरातील बदल, असा क्रम पाळल्यास अनेकदा शेवटच्या खर्चिक पायरीची गरजच उरत नाही. जिथे ती उरते, तिथे बाजारपेठेतील सोय आणि घाटातील सुरक्षितता यांचा तोल साधणे आवश्यक असते. स्टिअरिंग किती हलके झाले यापेक्षा ते चालकाच्या हुकमतीत किती राहिले, हाच अशा रूपांतराच्या यशाचा खरा निकष होय.