निलंबनाचा लिफाफा घरी आला तर?

शिपाई दारात येतो, सही घेतो आणि एक लिफाफा देऊन जातो. आत निलंबनाचा आदेश. घरात एकदम शांतता पसरते. शेजाऱ्यांना काय सांगायचं? मुलांची फी कशी भरायची? नोकरी गेली का?

आधी हे लक्षात घ्या : नोकरी गेलेली नाही. निलंबन ही शिक्षा नाही. चौकशी नीट व्हावी म्हणून कर्मचाऱ्याला काही काळ कामापासून दूर ठेवलं जातं, इतकंच. राज्यघटनेचा अनुच्छेद ३११ सांगतो की आरोप कळवून, बाजू मांडण्याची पुरेशी संधी देऊन चौकशी केल्याशिवाय सरकारी कर्मचाऱ्याला बडतर्फ करता येत नाही. फौजदारी गुन्ह्यात दोषी ठरणं, असे मोजके अपवाद त्याला आहेत.

केंद्र सरकारच्या नागरी कर्मचाऱ्यांना १९६५ चे नियम लागू आहेत, तर महाराष्ट्र शासनाच्या कर्मचाऱ्यांना १९७९ चे शिस्त व अपील नियम. पुढे दिलेल्या मुदती केंद्राच्या नियमांतल्या आहेत. तुमच्या खात्याचे नियम मात्र स्वतः पाहून घ्या.

घरखर्चाचं काय?

निलंबनाच्या काळात निर्वाह भत्ता मिळतो. सुरुवातीला तो अर्धपगारी रजेच्या पगाराएवढा असतो आणि त्यावर महागाई भत्ताही मिळतो. तीन महिन्यांनंतर, उशीर कर्मचाऱ्यामुळे झालेला नसेल, तर तो वाढवता येतो. त्यासाठी ‘मी दुसरीकडे नोकरी-धंदा करत नाही’ असं प्रमाणपत्र द्यावं लागतं. म्हणून ‘तोवर एखादं दुकान सांभाळतो’ असा विचारही करू नका. परवानगीशिवाय मुख्यालयही सोडू नका.

निलंबनाचा आढावा ९० दिवसांच्या आत घ्यावा लागतो. तो न घेतल्यास साधारणपणे निलंबन पुढे टिकत नाही. ही तारीख कॅलेंडरवर लिहून ठेवा.

दोषारोपपत्र आलं की

त्यात आरोप, त्यांचा तपशील, कागदपत्रांची यादी आणि साक्षीदारांची यादी असते. लेखी उत्तरासाठी १५ दिवस मिळतात. कारण दिलं तर मुदत वाढते, पण एकूण ४५ दिवसांच्या पुढे नाही. इथेच अनेकजण चुकतात. रागाने किंवा लाजेने गप्प बसतात, चौकशीला जात नाहीत. मग चौकशी एकतर्फी होते आणि तुमचं म्हणणं कागदावर येतच नाही.

प्रत्येक आरोपाला वेगळं उत्तर द्या. कोणता मान्य, कोणता अमान्य, ते स्पष्ट लिहा. कागदपत्रं पाहायला मागा. मदतीला दुसरा सरकारी कर्मचारी बचाव सहायक म्हणून घेता येतो. वकील मात्र सहसा चालत नाही. साक्षीदारांची उलटतपासणी घेण्याचा हक्कही तुम्हाला आहे.

तक्रार लैंगिक छळाची असेल तर तक्रार समितीच चौकशी करते आणि तिचा अहवाल चौकशी अहवाल मानला जातो. अशा वेळी तक्रारदार महिलेला फोन करणं, ‘मिटवून टाकू’ म्हणत नातेवाइकांना तिच्या घरी पाठवणं कटाक्षाने टाळा. न्याय तिलाही हवा असतो, आणि असा दबाव हाच नवा आरोप ठरू शकतो.

निकाल विरोधात गेला तर?

चौकशी अहवालाची प्रत मिळायलाच हवी. त्यावर म्हणणं मांडायला १५ दिवस असतात. शिक्षा ठपक्यापासून वेतनवाढ रोखणं, पदावनती, सक्तीची निवृत्ती आणि बडतर्फीपर्यंत असू शकते. आदेश मिळाल्यापासून ४५ दिवसांत अपील करता येतं. त्यानंतर प्रशासकीय न्यायाधिकरणाचं दारही उघडं असतं.

कोर्टात सुटलो म्हणजे खात्यातूनही सुटलो, असं मात्र समजू नका. तिथे आरोप निःसंशय सिद्ध व्हावा लागतो. खात्याच्या चौकशीत ‘असं घडलं असण्याची शक्यता जास्त’ एवढं पुरतं.

घरच्यांसाठी एवढंच : रोज ‘तू असं का केलंस?’ विचारण्यापेक्षा एक फाइल आणून द्या. आलेला प्रत्येक कागद, लिफाफा आणि पोचपावती तारखेसह तिच्यात लावा. आरोप खरा की खोटा, ते चौकशीत ठरेल. आपलं उत्तर वेळेवर पोचलं की नाही, हे मात्र आपल्याच हातात असतं.